दोन कॉम्प्युटर, एक फोल्डर: रबाळ्यातल्या एका टॅली डेटाचं प्रकरण

रबाळे एमआयडीसीत कोरुगेटेड खोक्यांचा एक कारखाना आहे. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, उलाढाल पाच कोटींच्या वर, हिशेब टॅलीप्राइम या सॉफ्टवेअरच्या एडिट लॉग आवृत्तीत, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या. ऑफिसात हिशेबाचं मशीन एकच. त्यावर बसणाऱ्या अकाउंटंट ताई कळव्याहून येतात, मालक घोडबंदर रोडला राहतात. मी ठाण्यात टॅलीच्या सपोर्टचं काम करतो.

टॅलीत एका धंद्याच्या पूर्ण हिशेबाला 'कंपनी' म्हणतात. 9 ऑगस्टला सकाळी ताईंचा फोन आला. "सर, कंपनी यादीत दिसतेय, पण सिलेक्ट केली की मेमरी ॲक्सेस व्हायोलेशन येतं आणि टॅली बंदच पडतं." जुलैचा जीएसटीआर-1, म्हणजे विक्रीचा जीएसटी रिटर्न, भरायची शेवटची तारीख 11 ऑगस्ट, म्हणजे हातात दोन दिवस.

अशा फोनवर मी पहिला प्रश्न विचारतो तो आतापर्यंत काय काय करून पाहिलंत, हा. मूळ बिघाडापेक्षा त्यावर केलेल्या उपायांनी डेटा जास्त वेळा गेलेला असतो, आणि तो मग परत आणणं फार अवघड होतं. ताईंनी मशीन रीस्टार्ट केलं होतं. शेजारच्या गाळ्यातल्या ऑपरेटरने "रिपेअर मारा, होऊन जाईल" असं सांगितलं होतं. ताई टॅलीतल्या त्या रिपेअरपर्यंत, म्हणजे डेटा दुरुस्त करायच्या पर्यायापर्यंत, गेल्याही होत्या, पण बॅकअप घेतलाय का असं टॅलीने विचारताच थांबल्या. त्या थांबल्या म्हणून पुढचं सगळं सोपं गेलं, हे मी मालकांसमोर मुद्दाम बोललो.

"नेटची केबल काढा आणि मशीन तसंच चालू ठेवा, बाकी कशाला हात लावू नका," एवढं सांगून मी निघालो. केबल काढायला सांगायचं कारण असं की बिघाड कशामुळे आहे हे कळेपर्यंत तो पुढे चालू राहू नये. मागे एखादा प्रोग्रॅम फाइली हलवत असेल तर दर मिनिटाला पुरावा बदलत जातो.

टॅलीचा डेटा म्हणजे एक फाइल नसते, हे अनेक वर्षं टॅली वापरणाऱ्यांनाही ठाऊक नसतं. प्रत्येक कंपनीचं सहा आकड्यांच्या नावाचं एक फोल्डर असतं, 100001, 100002 असं, आणि त्यात बऱ्याच फाइली असतात. लेजर (खाती), व्हाउचर (व्यवहारांच्या नोंदी), त्यांच्या बेरजा, सेटिंग हे सगळं त्या फाइलींमध्ये विभागलेलं असतं आणि एका फाइलीतली नोंद दुसरीतल्या नोंदीचा पत्ता धरून चालते. सगळ्या फाइली एकाच क्षणाच्या असल्या तरच कंपनी उघडते.

ऑफिसात पोचल्यावर आधी बाहेरची कारणं एकेक करून बाजूला केली. टॅली स्वतः नीट उघडत होतं, लायसन्स चालू होतं. त्याच जागी मालकांच्या ट्रान्सपोर्टच्या प्रोप्रायटरी फर्मची दुसरी कंपनी होती, ती लगेच उघडली. म्हणजे प्रोग्रॅम, डेटाची वाट (पाथ), फोल्डरच्या परवानग्या यांपैकी कशातच खोट नव्हती. बिलाच्या छपाईसाठी एक टीडीएल, म्हणजे टॅलीला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, बसवलेला होता, तो बंद करून पाहिला, फरक पडला नाही. ही दहा मिनिटांची तपासणी बहुतेक जण गाळतात आणि थेट डेटावर तुटून पडतात. खरं तर "फाइल उघडत नाही" म्हणून आलेल्या कितीतरी फोनमध्ये फाइल धडधाकट असते. वाट बदललेली असते, टीडीएल रुसलेला असतो, नाहीतर नव्या रिलीजमध्ये चढवलेला डेटा कुणीतरी जुन्या रिलीजमध्ये उघडायला बघत असतं.

इथे मात्र दोष त्या एका फोल्डरातच होता. मग एक्स्टर्नल डिस्कवर त्या फोल्डरच्या दोन प्रती काढल्या. एक तशीच बाजूला ठेवायची, दुसरी माझ्या लॅपटॉपवर घेऊन तिच्यावर काम करायचं. मूळ जागेवर काहीच करायचं नाही.

मालक तोवर आले होते. त्यांनी विचारलं, "बॅकअप आहे ना आपल्याकडे? मग तोच टाका ना." पेन ड्राइव्हवरचा शेवटचा बॅकअप 31 जुलैच्या संध्याकाळचा होता. तो टाकला असता तर 1 ते 8 ऑगस्टच्या सगळ्या नोंदी गेल्या असत्या, आणि जुलैची जी खरेदीची बिलं उशिरा येऊन ऑगस्टमध्ये चढली होती तीही. शिवाय बॅकअप त्याच जागी रिस्टोअर केला की आहे त्या कंपनीवर तो चढतो. मग बिघडलेल्या फोल्डरात जे काही वाचण्यासारखं असेल तेही पुसलं जातं. म्हणून मी त्यांना म्हटलं, "साहेब, बॅकअप हा शेवटचा उपाय आहे, तो कुठे पळून जात नाही. आधी हे फोल्डर बघू द्या."

प्रतीवर पहिला प्रयोग टीएसएफ फाइलींचा केला. या छोट्या फाइलींमध्ये कंपनी सध्या कोण वापरतंय वगैरे तात्पुरती स्थिती असते. लाइट गेली किंवा टॅली अर्ध्यात बंद पडलं की त्या तशाच राहतात आणि कंपनी अडवून धरतात. सगळे टॅलीबाहेर असताना त्या बाजूला काढल्या की पुष्कळदा काम होतं. इथे झालं नाही.

मग फोल्डर नीट वाचायला घेतलं. एक्स्प्लोररमध्ये डिटेल्स लावले, बदलाच्या तारखेप्रमाणे फाइली लावल्या आणि वाटेची पट्टी पूर्ण उघडली. उत्तर तिथेच होतं. वाटेत युजरच्या नावापुढे एका क्लाउड सेवेच्या फोल्डरचं नाव होतं, त्यापुढे डेस्कटॉप, त्यापुढे टॅलीचा डेटा. आणि यादीत काही फाइली दोनदा होत्या. एक नेहमीच्या नावाची, दुसरी त्याच नावाला शेपूट जोडलेली. काहींचं शेपूट या ऑफिसच्या मशीनचं नाव होतं. काहींना जोडलेलं नाव ताईंनी कधी ऐकलेलं नव्हतं.

"हा लॅपटॉप कुणाचा?" मी विचारलं. मालक म्हणाले, "तो माझा, घरचा."

मग हळूहळू सगळं उलगडलं. काही महिन्यांपूर्वी ऑफिसात नवं मशीन आलं. बसवून देणाऱ्याने टॅलीचा डेटा सोयीसाठी डेस्कटॉपवर ठेवला. नव्या मशीनवर पहिल्यांदा साइन-इन करताना डेस्कटॉपचा बॅकअप क्लाउडवर घ्यायची सोय चालू झाली, आणि तिथून पुढे टॅलीचा चालता डेटा रोज क्लाउडवर जायला लागला. मालकांनी तोच ईमेल घरच्या लॅपटॉपवर वापरला होता, त्यामुळे तेच फोल्डर घरीही उतरलं. लॅपटॉपवर ट्रान्सपोर्टच्या धंद्यासाठी घेतलेलं टॅलीचं वेगळं लायसन्स होतं. एके दिवशी त्यांना दिसलं की कारखान्याची कंपनीही तिथे उघडते. त्यांना ती सोयच वाटली. रात्री घरी बसून येणी बघायची, एखादा चेक चढवायचा. बरेच दिवस हे निर्वेध चाललं, कारण ताई संध्याकाळी टॅली बंद करायच्या, फाइली वर जायच्या, रात्री मालक लॅपटॉप उघडेपर्यंत त्या खाली उतरलेल्या असायच्या.

8 ऑगस्टला हा क्रम चुकला. ताईंनी पावणेसातला टॅली बंद केलं आणि लोकल गाठायची म्हणून लगेच मशीनही बंद केलं. टॅली चालू असताना फाइली त्याच्या ताब्यात असतात, त्यामुळे अपलोड खऱ्या अर्थाने सुरू होतं ते टॅली बंद केल्यावर. लहान फाइली झटकन वर गेल्या. व्हाउचरांची मोठी फाइल आणि तिच्या जोडीच्या एक-दोन फाइली जायच्या राहिल्या. क्लाउडवर आता 8 तारखेच्या लहान फाइली आणि 7 तारखेची मोठी फाइल असा संच होता.

रात्री दहाच्या पुढे मालकांनी लॅपटॉप लावला आणि नवीन काही उतरायच्या आधीच टॅली उघडलं. त्यांच्याकडे 7 तारखेचा पूर्ण संच होता, म्हणून कंपनी बिनतक्रार उघडली. त्यांनी तीन पेमेंट चढवली आणि बंद केलं. मी त्यांना विचारलं, "त्या रात्री काही वेगळं दिसलं होतं का?" ते आठवून म्हणाले, "8 तारखेची बिलं दिसली नाहीत. मला वाटलं ताईंनी अजून टाकली नसतील." निदान पक्कं झालं ते या वाक्याने.

पुढे जे झालं ते क्लाउड सेवेच्या नियमाप्रमाणेच झालं. एकाच फाइलीचे दोन वेगळे बदल समोर आले की अशी सेवा एकही टाकून देत नाही. वर आधी पोचलेला बदल मूळ नावाने राहतो, उशिरा आलेल्याला त्या मशीनचं नाव जोडून तो शेजारी ठेवला जातो. लहान फाइलींच्या बाबतीत ऑफिसचं मशीन आधी पोचलं होतं, म्हणून लॅपटॉपच्या लहान फाइलींना लॅपटॉपचं नाव लागलं. मोठ्या फाइलीच्या बाबतीत लॅपटॉप आधी पोचला. सकाळी ताईंनी मशीन लावताच ऑफिसच्या मोठ्या फाइलीला ऑफिसच्या मशीनचं नाव जोडलं गेलं आणि मूळ नावावर लॅपटॉपची फाइल येऊन बसली. टॅली फक्त मूळ नावं ओळखतं. त्याला मिळाल्या ऑफिसच्या लहान फाइली आणि घरची मोठी फाइल. दोन वेगळ्या खतावण्यांची पानं एकाच पुठ्ठ्यात शिवली तर अनुक्रमणिकेतला पान क्रमांक भलत्याच पानावर नेईल, तसं टॅली चुकीच्या पत्त्यावर जाऊन आपटत होतं.

वेळांवरून हे पडताळता आलं. मूळ नावाच्या लहान फाइलींवर 8 तारखेच्या संध्याकाळी पावणेसातच्या आसपासची वेळ होती, ऑफिसचं नाव लागलेल्या मोठ्या फाइलीवरही तीच. लॅपटॉपचं नाव लागलेल्या फाइली आणि मूळ नावाची मोठी फाइल यांच्यावर रात्री दहानंतरची वेळ होती. म्हणजे एकही फाइल बिघडलेली नव्हती. दोन पूर्ण, निरोगी संच एकमेकांत मिसळले होते, एवढंच. अशा मिश्र संचावर रिपेअर चालवलं असतं तर त्याने जुळत नाही ते सगळं खराब समजून वगळलं असतं आणि चांगली व्हाउचरं गेली असती. लाइट जाऊन खरोखर फाटलेल्या डेटासाठी रिपेअर उपयोगी आहे, तेही प्रतीवर. इथे त्याने नुकसानच केलं असतं.

दुरुस्ती निदानापेक्षा लवकर झाली. माझ्या लॅपटॉपवर दोन वेगळ्या जागा केल्या. एकीत संध्याकाळच्या वेळेच्या सगळ्या फाइली घेतल्या आणि मोठ्या फाइलीच्या नावातलं मशीनचं शेपूट काढलं. दुसरीत रात्रीच्या वेळेच्या फाइली घेतल्या, त्यांचंही शेपूट काढलं. दोन्हीकडून टीएसएफ बाजूला ठेवल्या. दोन्ही ठिकाणी कंपनी उघडली. एकीत 8 तारखेची सगळी बिलं होती आणि रात्रीची पेमेंट नव्हती, दुसरीत नेमकं उलटं.

कंपनी उघडली की लोक सुटकेचा श्वास टाकतात आणि कामाला लागतात. मला तिथे थांबवत नाही, कारण उघडणारा डेटा पूर्ण असेलच असं नाही. म्हणून बाहेरच्या, टॅलीशी संबंध नसलेल्या पुराव्यांशी ताळा घेतला. 1 ऑगस्ट 2023 पासून पाच कोटींवरच्या उलाढालीला ई-इनव्हॉइस सक्तीचं आहे, त्यामुळे या कारखान्याचं नोंदणीकृत गिऱ्हाइकांना गेलेलं प्रत्येक बिल सरकारी पोर्टलवर नोंदलेलं होतं. जुलैची आणि 8 ऑगस्टपर्यंतची ई-इनव्हॉइसची यादी काढली. बिलांची संख्या, करपात्र रक्कम आणि शेवटचा बिल क्रमांक टॅलीशी जुळला. महाराष्ट्रात राज्यातल्या राज्यात एक लाखाच्या वरचा माल पाठवायला ई-वे बिल लागतं, ती यादीही लावून पाहिली. बँक लेजर स्टेटमेंटशी जुळवलं. स्टॅटिस्टिक्स रिपोर्टमध्ये प्रत्येक प्रकारच्या व्हाउचरांची संख्या दिसते, ती ताईंच्या हातच्या फाइलींशी ताडून घेतली. खरेदीची बिलं कागदावर होती, ताईंनी ती एकेक करून टिकमार्क केली. या कामाला दुपार गेली, आणि ती जायलाच हवी होती.

ताळा घेता घेता मालकांची धास्तीही कमी झाली. टॅलीच उघडलं नसतं तरी जीएसटीआर-1 मध्ये ई-इनव्हॉइसची बिलं पोर्टलवरून आपोआप येतात, बाकी थोडी भरून रिटर्न वेळेत गेला असता. 11 तारखेच्या भीतीने डेटावर घाईघाईने उपाय करायची गरज नसते, हे अशा वेळी कुणीतरी शांतपणे सांगावं लागतं.

राहिली ती रात्रीची तीन पेमेंट. ती दुसऱ्या संचातून एक्सपोर्ट करून पहिल्यात ओढावीत असं मालकांचं म्हणणं होतं. मी दोन्ही संचांची डे-बुक (रोजच्या नोंदींची यादी) शेजारी शेजारी लावून दाखवली. दोन्ही संच 7 तारखेपासून वेगळे झालेले, म्हणून ताईंनी 8 तारखेला केलेल्या पेमेंटांचे आणि मालकांनी रात्री केलेल्या पेमेंटांचे क्रमांक एकच पडले होते, व्यवहार मात्र वेगळे. त्यातही कागदाच्या पुरवठादाराचा एक चेक ताईंनी दुपारीच चढवला होता. मालकांना तो दिसला नाही म्हणून त्यांनी तो पुन्हा चढवला. डोळे झाकून इम्पोर्ट केलं असतं तर तो चेक दोनदा गेला असता आणि पुरवठादाराच्या खात्यात खोटा ॲडव्हान्स दिसला असता. उरलेली दोन पेमेंट ताईंनी हाताने चढवली, नॅरेशनमध्ये कारण लिहिलं.

कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असल्याने इथे आणखी एक गोष्ट जपायची होती. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांना ऑडिट ट्रेल असलेल्या सॉफ्टवेअरमध्येच हिशेब ठेवावे लागतात. कुणी, कधी, काय बदललं याची ती साखळी मधूनच तुटता कामा नये. नवी कंपनी उघडून त्यात सगळी व्हाउचरं ओतणं हा टॅली सपोर्टमधला लोकप्रिय उपाय आहे. त्याने आकडे जुळतात, पण जुन्या नोंदींचा इतिहास मागे राहतो. आमच्या पद्धतीत मूळ फाइलीच परत जाग्यावर आल्या, त्यामुळे एडिट लॉग अखंड राहिला. काय झालं आणि काय केलं याची एक पानभर नोंद करून सीएंना ईमेल केली, आणि दोन्ही मिश्र प्रती ऑडिट होईपर्यंत जपून ठेवायला सांगितलं. रिटर्न 10 तारखेला गेला.

मग घडी नव्याने बसवली. चालता डेटा डी ड्राइव्हवर, क्लाउडच्या फोल्डरबाहेर. क्लाउडची डेस्कटॉप बॅकअपची सोय बंद. मालकांना रात्री येणी बघायची असतात ही त्यांची गरज खरी आहे, ती नाकारून उपयोग नव्हता. त्यासाठी टॅलीचा रिमोट ॲक्सेस लावून दिला. त्यात घरून उघडलं तरी डेटा ऑफिसच्याच मशीनवरचा असतो, दुसरी प्रत तयार होत नाही. अट अशी की ऑफिसचं मशीन चालू राहायला हवं आणि त्यावर ती कंपनी उघडी हवी. मालकांना मशीन रात्रभर चालू ठेवणं पटलं नाही, म्हणून ते आता नऊपर्यंतच चालू असतं आणि बंद करायचं काम वॉचमनकडे न देता शिफ्टच्या सुपरवायझरकडे आहे.

बॅकअप रोज संध्याकाळी, टॅलीच्याच बॅकअपच्या पर्यायाने. कंपन्यांच्या इलेक्ट्रॉनिक हिशेबांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज असला पाहिजे असा नियम ऑगस्ट 2022 पासून आहे, त्यामुळे महिनाअखेरचा पेन ड्राइव्ह कायद्यालाही पुरत नव्हता. सर्व्हरची जागा सीएंशी बोलून ठरवली. तयार झालेली बॅकअपची फाइल क्लाउडच्या फोल्डरात ठेवायलाही माझी हरकत नाही. ती बंद असते, कुणी तिच्यात लिहीत नसतं, म्हणून ती अर्धवट मिसळण्याचा धोका नसतो. महिन्यातून एकदा ताई एक बॅकअप वेगळ्या जागी रिस्टोअर करून उघडून बघतात आणि स्टॅटिस्टिक्सचं पान छापून फाइलला लावतात.

तुमच्या मशीनवर हे तपासायचं असेल तर कंपनी निवडायच्या पडद्यावर डेटाची वाट वाचा. तिच्यात कुठल्याही क्लाउड सेवेचं नाव, किंवा नुसतं डेस्कटॉप अथवा डॉक्युमेंट्स असं दिसलं तर डेटा हलवा. आधी सगळीकडचं टॅली बंद करा, क्लाउडचं सिंक (फाइलींची आपोआप ये-जा) थांबवा, आणि ज्या ज्या मशीनवर तो ईमेल आहे तिथलंही थांबवा. कट-पेस्ट करू नका, कॉपी करा. टॅलीत नवी वाट द्या, कंपनी उघडून शेवटचं बिल आणि बँकेची शिल्लक बघा. सगळं जुळलं की जुन्या फोल्डरचं नाव बदला, म्हणजे सवयीने कुणी ते उघडून त्यात नोंदी करत बसणार नाही. ते लगेच डिलीट करू नका, निदान पुढचा जीएसटीआर-1 भरून होईपर्यंत राहू द्या.